खारे वारे सुटायच्या आधी

दुपारचं जेवण झाल्यावर वैजयंती खाटेवर आडवी होते. झोपायचं नसतं, नुसती पाठ टेकायची असते. वारा सुटायला अजून अवकाश आहे. वेंगुर्ल्याच्या पुढे, अगदी किनाऱ्याला लागून असलेल्या एका घरात तिने ही खोली भाड्याने घेतली आहे. खिडकीबाहेर सुरूची झाडं निश्चल उभी आहेत आणि त्यांच्यापलीकडे समुद्र शिसं ओतल्यासारखा जड, सपाट पडलेला आहे. बरगडीखाली ठणकतं म्हणून ती उजव्या कुशीवर वळते. उजव्या कुशीवर खांदा दुखतो म्हणून पुन्हा उताणी होते. कालपासून कानात पाणी अडकलंय, ते डोकं हललं की आतल्या आत गुडगुडतं.

सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत वैजयंतीने उभा जन्म भूगोल शिकवला. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा तापतो, म्हणून दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वारे वाहतात, त्यांना खारे वारे म्हणतात. हे वाक्य तिने फळ्यावर इतक्यांदा लिहिलं होतं की लिहिताना मनात दुसरंच काही चालू असायचं. तो वारा प्रत्यक्ष अंगावर आला तो आई गेल्यानंतर, पन्नाशी उलटल्यावर. शाळेच्या सहलीबरोबर ती पहिल्यांदा कोकणात आली. आई होती तोवर सहलीला नेहमी दुसऱ्या बाई जायच्या. मुली वाळूत पळत होत्या आणि दूर पाण्यावर काही माणसं फळीसारख्या पाटीवर उभी राहून चालली होती, प्रत्येकाच्या डोक्यावर कमानीसारखा एक मोठा पतंग. ना वल्हं, ना इंजिन. माणसाला नुसता वारा ओढून नेत होता. वैजयंती तिथेच उभी राहिली. मुलींनी हाका मारल्या तरी हलली नाही.

घरी येऊन आधी ती नगरपालिकेच्या तलावात पोहायला शिकली, चड्डी घातलेल्या पोराटोरांच्या रांगेत उभी राहून. तिचा भाऊ म्हणाला, "या वयात? लोक काय म्हणतील?" तिने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी परत तलावावर गेली. शाळेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि इथे आली, सावियोकडे पतंग शिकायला.

शिकणं काही पुढे सरकेना. वाळूवर लहान पतंग उडवणं जमलं. कमरेला पट्टा बांधून, मोठ्या पतंगामागे पालथं पडून पाण्यातून फरफटत जाणंही जमलं, पोटभर खारं पाणी पिऊन का होईना. पण पाटीवर उभं राहायची वेळ आली की सगळं बिनसायचं. कालही तेच. पाय पाटीत अडकवले, पतंग एका बाजूला झुकला, एकदम जोर आला, आणि घाबरून तिने पतंगाच्या दोऱ्यांना जोडलेला हातातला दांडा छातीशी गच्च ओढून धरला. पतंगाने तिला पाण्यातून उचकटून काढलं आणि फरशीवर ओलं धुणं आपटावं तसं आपटलं.

सावियो होडी घेऊन आला. त्याने तिला आत ओढून घेतलं, तिचा श्वास परत येऊ दिला. मग म्हणाला, "बाई, तुमका जमणा नाय असा नाय. पण भिया वाटला की तुम्ही दांडो घट्ट धरतास. घट्ट धरलास की तो आणखी ओढता. तेव्हा सोडूक व्हया."

"कळतं मला. हात ऐकत नाहीत."

"मग आज बस. उद्या मन झाला तर येवा. नाय झाला तर तसा सांगा, माझो काय राग नाय."

त्याचं ते 'राग नाय' तिला आपटण्यापेक्षा जास्त लागलं. सकाळी उठून तिने पिशवी अर्धी भरली आहे. संध्याकाळी सांगलीची गाडी आहे. छताचा पंखा कुरकुरत फिरतो आहे. एक पातं दुसऱ्यांपेक्षा किंचित वाकलेलं, प्रत्येक फेऱ्याला कट् असा आवाज होतो. कट्. कट्. ताटात खडा पडावा तसा.

"पाय जरा तिकडं घे," आई म्हणते.

वैजयंती पाय आखडून घेते. आई खाटेच्या कडेला टेकलेली आहे, मांडीवर ताट, ताटात तांदूळ. ती खडे निवडते आणि ताटाच्या काठाशी टाकते. तिच्या अंगावर फिकट जांभळी सुती साडी आहे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आई गेली आहे हे वैजयंतीला ठाऊक आहे. त्याचं तिला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते आईने एवढं ऊन तुडवत इथवर यावं याचं.

"तू कधी आलीस?"

"तू हाक मारलीस, आले."

"मी कुठे मारली?"

"काल पाण्यात मारलीस की. केवढ्यानं ओरडलीस, आई गं म्हणून."

"ते असंच तोंडातून येतं, आई. लागलं की सगळेच ओरडतात."

"सगळ्यांची येती का मग?" आई म्हणते. एक खडा बोटात धरून ती उजेडात बघते आणि बाजूला टाकते. "ऊठ आता. घरी चल."

वैजयंती उठते. खोलीचं दार उघडते तर बाहेर घाटाच्या पायऱ्या आहेत. कृष्णेला भरपूर पाणी आहे, तांबूस, जड, मधूनच भोवरे धरणारं. पायऱ्यांवर पोरं उभी आहेत आणि दिगूकाका एकेकाच्या पाठीला सुका भोपळा बांधून पाण्यात सोडतो आहे. वैजयंतीच्या अंगावर हिरवा झगा आहे, दोन वेण्या आहेत, आणि वेण्या पांढऱ्या आहेत. पोरांपैकी कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

"ये गं मोहित्यांची," दिगूकाका म्हणतो आणि तिच्या पाठीला भोपळा बांधतो. भोपळा हलका आहे, आत वाळलेल्या बिया खुळखुळतात. ती पाण्यात पाय टाकते. गुडघे. कंबर. पाणी तिला खालून उचलतं. असं कधी कुणी उचललेलं नसतं, एवढं अलगद, काहीही न मागता. ती हसते. खरंच हसते, मोठ्याने.

वरून आई येते. चपला हातात, पदर कमरेला खोचलेला. पायऱ्या उतरते, ओळखीच्या बायांकडे बघत नाही, पाण्यात वाकते आणि वेणी धरून तिला वर ओढते. दोरी सुटते. भोपळा एकटाच वाहत निघतो, पोरं त्याच्यामागे ओरडतात, "गेला, गेला!"

"सगळ्यांच्या देखत ओढलंस मला," वैजयंती म्हणते. तिच्या झग्यातून पाणी गळतं आहे.

"मग काय बुडू देऊ?"

"भोपळा बांधला होता."

"भोपळ्याला काय कळतं?"

"दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या मला चिडवत होत्या. त्यानंतर मी कधी घाटावर गेले नाही."

"तेच तर पाहिजे होतं," आई म्हणते.

वैजयंती पायरीवर बसते, तर ती पायरी म्हणजे बाक आहे. समोर फळा आहे. फळ्यावर तिच्याच हाताने काढलेला किनारा, आणि समुद्राकडून जमिनीकडे येणारे बाण. वर्ग रिकामा आहे, फक्त शेवटच्या बाकावर आई बसली आहे, मांडीवर ताट घेऊन. बाक तिला लहान होतो, गुडघे वर येतात. खडू वैजयंतीच्या हातात आहे. आता विचारायचं, ती ठरवते. आई जिवंत असताना जे कधी धड विचारता आलं नाही ते आता विचारायचं.

"आपल्या घरात कोण बुडलं होतं?"

आई मान वर करत नाही. "कोण नाही."

"मामा? मावशी? तुझ्या माहेरचं कुणी? तुला कधी स्वप्न पडायचं का?"

"कोण बुडलं नाही, वैजू. कुणी पडलं नाही, कुणाला काही झालं नाही."

वैजयंती उठून खडू फळ्याखाली ठेवते. इतकी वर्षं तिने आईच्या भीतीसाठी एक कारण शोधलं होतं. लग्नकार्यात म्हाताऱ्या आत्यांच्या शेजारी बसून आडून आडून विचारलं होतं. कुठेतरी एखादं मेलेलं मूल असेल, एखादी विहीर असेल, आणि ते कळलं की आपण आईला माफ करून टाकू, असं तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं. माफी तयार होती. ठेवायला जागाच नव्हती.

"मग भ्यायचीस कशाला?"

"भ्यायला काय कारण लागतं होय? वाटायची भीती. तू दाराबाहेर पडलीस की वाटायची. परत आलीस की जायची." आई ताटातले तांदूळ हाताने सारखे करते. "मला माझ्या आईनं विहिरीच्या काठाला उभं राहू दिलं नाही. माझ्या वयाच्या पोरी मळ्यात मोटेच्या पाण्यात खेळायच्या. मी दारातनं बघायची. मला विचारलं का कुणी, इंदू, तुला जायचंय का म्हणून?"

"नाही विचारलं ना? मग तू मला विचारायचंस."

आई पुढचा खडा उचलते. ताटात कट् आवाज होतो. कट्. मग ती दुसरंच बोलते. "मला पाणी दे जरा. घसा सुकलाय."

पाणी खाटेशेजारच्या स्टुलावर आहे. चमचा पेल्यात आहे. आईला आता उठता येत नाही, उशीवर तिचं डोकं केवढंसं दिसतं. ही सांगलीच्या घराची आतली खोली आहे, औषधांचा वास, भिंतीवर कॅलेंडर, आणि दाराबाहेर मात्र लाटांचा आवाज. वैजयंती चमच्याने पाणी पाजते. एक घोट आत जातो, एक ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो, ती तो पदराने टिपते. हात सवयीने चालतात. याच हातांनी तिने आईला न्हाऊ घातलं, कूस बदलली, तोंडात घास दिले. त्याआधी याच खोलीत, ती कॉलेजात असताना, हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या शिबिराला तिची निवड झाली होती आणि आईने भिंतीकडे तोंड करून जेवण सोडलं होतं. बूट विकत आणले होते. ते भावाने वापरले.

"मी तेव्हा गेले असते तर?"

"मी मेले असते."

"मी नाही गेले. कुठेच नाही गेले. तरी मेलीसच ना?"

आई चमचा दातांत धरते. तिच्याकडे बघते. मग चमचा सोडते. "शिकवलेलं सगळं वाया गेलं तुझं. आईशी असं बोलतीस?"

"जिवंत असताना बोलले असते तर बरं झालं असतं."

"जिवंत राहिलीस ना? हातपाय धड आहेत ना? मग? आणखी काय पाहिजे होतं तुला?"

"धड आहेत. कधी वापरलेच नाहीत, म्हणून धड आहेत."

हे बोलताना वैजयंतीला वाटतं आता आई रडेल, आणि तिला वाईट वाटेल, आणि नेहमीप्रमाणे ती म्हणेल, जाऊ दे. पण आई रडत नाही. तिच्या अंगावरची चादर मात्र हलायला लागते. एका टोकाला वारा शिरतो, चादर फुगते, खाटेवरून उठते, खोलीला छत नसतंच, ती वर जाते आणि वर गेल्यावर तिचा पतंग होतो. लांब दोऱ्या ताणल्या जातात. वैजयंतीच्या कमरेला पट्टा आहे, हातात दांडा आहे, आणि पाणी कमरेपर्यंत आहे.

आई तिच्या शेजारी उभी आहे. पाण्यातच, साडीसकट. निऱ्या पाण्यावर पसरून तरंगतात. एका हाताने तिने वैजयंतीचं डावं मनगट धरलं आहे.

"चल बाहेर."

"आई, हात सोड."

"बघ ते केवढं आहे वर. माणसाचं काम आहे का हे?"

"तू धरलंस की मला हात हलवता येत नाही. हात हलला नाही तर पतंग खाली येईल. सोड."

"पडशील."

"पडेन."

"आणि मग?"

"मग परत चढेन."

"तुला नाही जमायचं, वैजू. मी आई आहे तुझी. मला ठाऊक आहे."

वर पतंग थरथरतो. वैजयंतीला आत काहीतरी ढिलं पडल्यासारखं होतं, तेच जुनं, ओळखीचं. एवढं सगळं बोलून झाल्यावरही तिला या बाईच्या तोंडून एकच शब्द हवा आहे. त्याची तिला लाज वाटते आणि तरी ती मागते.

"एकदाच म्हण. जा म्हण. आता तर तुझं काही जाणार नाही. एकदा म्हण, जा."

लाट येते, दोघींच्या छातीपर्यंत चढते, उतरते.

"नाही म्हणणार," आई म्हणते. "मेल्यावर माणूस शहाणं होतं असं कुणी सांगितलं तुला?"

मग वैजयंती उजवा हात दांड्यावरून काढते आणि आईची बोटं सोडवायला लागते. करंगळी. तिच्या शेजारचं, ज्यात अंगठी रुतून बसलेली होती आणि शेवटी साबण लावून काढावी लागली होती. आज अंगठी आहे. मधलं बोट. म्हाताऱ्या हाताला एवढा जोर कुठून येतो? प्रत्येक बोट सोडवलं की आधीचं परत मिटतं. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. दात-ओठ खाऊन करते. तिचं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे नसतं, आणि म्हणून तिला उशिरा दिसतं की आई रागावलेली नाही. आई पाण्याकडे बघते आहे. पाणी तिच्या हनुवटीपर्यंत आलं आहे, चष्म्याच्या काचांवर थेंब आहेत, आणि तिचे डोळे लहान पोरीसारखे मोठे झालेले आहेत.

"वैजू," ती हळूच म्हणते, "मला पोहता येत नाही गं."

वैजयंती थांबते.

आईला आणलं कुणी इथवर? आपणच ना? हाक मारून? तिला उचलून किनाऱ्याला नेता येईल. पट्टा सोडायचा, पतंग जाऊ द्यायचा, म्हातारीला पाठीवर घ्यायची आणि वाळूत नेऊन ठेवायची. हे तिला उत्तम येतं. आयुष्यभर तेच तर केलं. मग ती आईचं अंग पुसेल, कोरडी साडी नेसवेल, चहा करून देईल, आणि आई म्हणेल, बघ, सांगत होते ना. आणि संध्याकाळची गाडी मिळेल.

"मला माहीत आहे," वैजयंती म्हणते. "मला शिकायला लागलं. तुलाही शिकवलं असतं."

ती शेवटचं बोट उघडते. अंगठा सुटत नाही, त्याचं नख कातडीत रुततं, ती मनगट पिळून ओढून घेते. ओढ येते. खालून, वरून, कमरेतून, एकदम. ती दांडा छातीशी घेत नाही. बोटांच्या टोकांवर धरते. पाण्याचा रंग बदलतो. मागून हाक येते की नाही हे तिला कळत नाही, कारण कानात नुसता वारा आहे. ती मागे बघत नाही. मागे बघायचं नाही हे ती ठरवून करते आहे, दगडासारखं मन करून, आणि ते तिला ठाऊक आहे.

"ओ बाई! वारो सुटलो!"

घरमालकीणबाई अंगणातून ओरडते आहे. वैजयंती डोळे उघडते. पडदा आडवा झाला आहे, त्याचं टोक पंख्याच्या दिशेने फडफडतं आहे. सुरूची झाडं एका सुरात घोंघावताहेत. उशीला खारट ओल लागली आहे. ती उठून बसते. खाटेचा तो कोपरा रिकामा आहे. चादरीला सुरकुतीही नाही.

मग ती तांब्या घ्यायला हात पुढे करते आणि डावं मनगट दुखतं.

मनगटावर वळ आहेत. एका बाजूला चार, लालसर, शेजारी शेजारी. आतल्या बाजूला एक, रुंद, आणि तिथे नखाएवढं कातडं निघालेलं आहे. रक्त नाही, नुसतं ओलं. झोपेत आपणच धरलं असेल, असं म्हणून ती आपली उजवी बोटं त्या वळांवर ठेवून बघते. तिचे हात वडिलांवर गेले आहेत, लांब, रुंद. तिची बोटं वळांच्या पलीकडे जातात. जमत नाहीत. ती दोनदा ठेवून बघते.

किनाऱ्यावर सावियोने पतंगात हवा भरून ठेवली आहे. ती येईल म्हणून भरली की आणखी कुणासाठी, हे ती विचारत नाही. पट्टा आवळताना त्याचं लक्ष तिच्या हाताकडे जातं.

"ह्या काय झाला?"

"आईने धरलं होतं."

सावियो तिच्या तोंडाकडे बघतो. आईला जाऊन वर्ष झालं हे तिने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो छातीवर बोटांनी क्रूस करतो, हळूच, तिला दिसू नये असा, आणि पाटी तिच्या हातात देतो.

"जातास?"

"जाते."

ती पाण्यात शिरते. गुडघे. कंबर. मनगट बुडतं आणि निघालेल्या कातड्याला मीठ लागतं, असं झोंबतं की डोळ्यांत पाणी येतं. ती हात बाहेर काढत नाही.